हंगाम कुणाचा?

संपादकांचा निरोप आला, "गणेशोत्सवातल्या मुलांच्या नाटकाचे परीक्षण तुम्हीच लिहा." मी हो म्हणून बसलो आणि मग लक्षात आले, की हे प्रकरण अवघड आहे. नाटक बसवणाऱ्यांत मी एक आणि तालमींचे वेळापत्रक तर संपूर्ण माझे. म्हणजे स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच सोडवायचा आणि स्वतःच तपासायचा. शिवाय मुलांच्या नाटकाच्या परीक्षणाची आपल्याकडे तीन वाक्ये ठरलेली आहेत : चिमुकल्यांनी धमाल उडवली, टाळ्यांचा कडकडाट झाला, सर्वांचे आभार. त्यापलीकडे चौथे वाक्य लिहिले, की कुणाच्या तरी आईला ते लागते.

म्हणून या वेळी मी जरा वाट वाकडी करतो. परीक्षण लिहितो, पण नाटकाचे नव्हे, वेळापत्रकाचे. गेल्या काही वर्षांत आमच्या बुकित बातोकच्या मुलांच्या नाट्यगटाचे जे हंगाम झाले, त्यांतले २०२३, २०२४ आणि २०२५ हे तीन माझ्या आखणीनुसार झाले. रंगमंचावर जे दिसते त्यातले निम्मेअधिक त्या आखणीतच ठरून गेलेले असते, असे माझे आता मत झाले आहे. मूल अडखळले तर ते पाठांतरात कच्चे होते असे आपण म्हणतो. ते कच्चे राहील अशी सोय कुणी केली, हे मात्र विचारत नाही. या तीन हंगामांपुरती ती सोय मी केली होती.

पुण्यातला ऑगस्ट

आमची पिढी इथे आली ती सामानात बरेच काही घेऊन आली. प्रेशर कुकर, गोडा मसाला, आणि ज्यांनी पुण्यात कॉलेज केले त्यांच्या सामानात 'पुरुषोत्तम'ही. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली सुरू केलेली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरी, सप्टेंबरच्या सुमारास अंतिम फेरी. बाहेर पाऊस, आत घामट गर्दी आणि पडदा उघडण्याआधी "अरे, आवाज कुणाचा?" ही आरोळी. मी अभियांत्रिकीला असताना तीन वर्षे तिथे होतो. पहिल्या वर्षी लेव्हल्स उचलल्या, दुसऱ्या वर्षी लाइट्सच्या पोरांना चहा आणून दिला आणि तिसऱ्या वर्षी शिपायाच्या वेषात अडीच मिनिटे रंगमंचावर होतो. ती अडीच मिनिटे मी अजून विसरलेलो नाही. घरच्यांनाही विसरू देत नाही.

या स्पर्धेने मराठी रंगभूमीला काय दिले, हे नव्याने सांगायला नको. कॉलेजच्या नाटकांत तयार झालेली पुण्याची मंडळी पुढे 'घाशीराम कोतवाल'पर्यंत पोचली. १९७२ साली त्याचा पहिला प्रयोग झाला तोही भरतलाच. मला इथे मुद्दा वेगळा मांडायचा आहे. 'पुरुषोत्तम' ही मुळात एक तारीख आहे. वर्षानुवर्षे न हललेली तारीख. ती आहे म्हणून जूनमध्ये संहिता शोधली जाते, जुलैत लॉट्स निघतात आणि तालमी रात्रीच्या होतात. आणि ती दर वर्षी येते म्हणूनच पहिल्या वर्षाचा मुलगा निमूटपणे लेव्हल्स उचलतो. दोन वर्षांनी आपली पाळी आहे हे त्याला ठाऊक असते. शिकवणारा गुरू नसतानाही तिथे विद्या पुढे जाते, ती या पाळीमुळे.

पाळी तुटली की काय होते, याचा अंदाज २०२२ साली आला. त्या वर्षी परीक्षकांनी पुण्याच्या अंतिम फेरीत करंडक कोणालाच दिला नाही. एकही एकांकिका त्या योग्यतेची वाटली नाही, असे त्यांचे म्हणणे. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते, त्यामुळे वाद उसळला. कोणी परीक्षकांना दोष दिला, कोणी मुलांना. मला वाटते, दोघांनी थोडे कॅलेंडर पाहायला हवे होते. मार्च २०२० पासून महाविद्यालये बंद होती. ज्यांनी लेव्हल्स उचलायच्या त्यांनी त्या दोन वर्षांत त्या पाहिल्याही नाहीत, आणि ज्यांनी शिकवायचे ते पदवी घेऊन निघून गेले. करंडक रिकामा राहिला याला त्या वर्षीच्या मुलांची प्रतिभा किती कारण आणि तुटलेली दोन वर्षे किती, हे मोजता येणार नाही. पण दुसऱ्या कारणाचा हिशोब न करता दिलेला निकाल मला अपुरा वाटतो.

या व्यवस्थेचे तोटेही आहेत आणि ते तारखेतूनच आलेले आहेत. एका संध्याकाळसाठी दीड महिना जीव टाकायचा, आणि पुढच्या फेरीत नाव नसले की नाटक ट्रंकेत. ज्यांनी पहिला नंबर काढला त्यांना पुढे वाट असते. मुंबईत २५ जानेवारीच्या रात्री रंगणाऱ्या 'सवाई'पर्यंत एखादी एकांकिका जाते. बाकीच्यांच्या नाटकाला दुसरा प्रयोग माहीतच नसतो. दुसऱ्या प्रयोगात नट काय शिकतो हे ज्याने केले त्यालाच कळते : पहिल्या प्रयोगात तो वाक्ये म्हणतो, दुसऱ्यात समोरच्याचे ऐकतो.

आम्ही इथे नाट्यगट सुरू केला तेव्हा हेच मॉडेल उचलले. तारीख एक, प्रयोग एक, आणि त्यानंतर श्रमपरिहार. फरक एवढाच, की पुण्यात आम्ही सहा आठवडे रोज चार तास तालीम करायचो. म्हणजे १६८ तास. इथे २०२५ साली मुलांच्या वाट्याला किती आले? शाळेचे तिसरे सत्र ३० जूनला सुरू झाले, म्हणून आम्ही २८ जूनच्या शनिवारी सुरुवात केली. २७ ऑगस्टला गणपती बसले, ३० तारखेला प्रयोग. मधले शनिवार नऊ, त्यांतला ९ ऑगस्ट हा इथला राष्ट्रीय दिन. उरले आठ. दोन-दोन तासांचे. एकूण सोळा तास. पुण्याच्या दशांशाहून कमी तासांत आम्ही पुण्याच्या मापाचे पाऊण तासाचे नाटक बारा मुलांकडून करून घेत होतो. आणि वर पाठांतर कच्चे म्हणून कुरकुरत होतो!

धान, जत्रा आणि सुट्टी

हंगाम हा शब्द आपण शेतीतून घेतला, आणि रंगभूमीनेही. झाडीपट्टीची रंगभूमी घ्या : गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. तिथे धान घरात येते तेव्हा नाटके सुरू होतात. दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजला नाटकांचे बुकिंग जोरात, आणि होळीपर्यंत रात्र-रात्र प्रयोग. तमाशाचे फड नारायणगावला राहुट्या ठोकतात आणि पाडव्याच्या सुमारास गावोगावचे पुढारी येऊन जत्रेची सुपारी देतात. तळकोकणात दशावतार कार्तिकातल्या जत्रांपासून उभा राहतो आणि पावसाच्या तोंडावर पेटाऱ्यात जातो.

या सगळ्यांत समान काय? कलाकार आणि प्रेक्षक दोघांनाही वेळ असतो तेव्हा खेळ होतो. कुणी झाडीपट्टीत भर लावणीच्या दिवसांत नाटक लावत नाही, कारण पाहणारा आणि करणारा दोघेही चिखलात असतात.

मुलांच्या नाटकानेही हेच केले. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटिल थिएटर काढले आणि मराठी बालरंगभूमी उभी राहिली. रत्नाकर मतकरींसारख्यांनी ती वाढवली. हे सगळे व्यवहार कोणत्या दिवसांत चालत? दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत. मुलांच्या परीक्षा संपलेल्या, आईवडिलांच्या डोक्यावरचा ताप उतरलेला. ज्यांचे लहानपण मुंबई-पुण्यात गेले त्यांना हे आठवत असेल. बालनाट्य म्हटले की अजूनही पहिली आठवण उकाड्याची आणि मध्यंतरातल्या बटाटेवड्याची येते.

आता विचारा, आमच्या बुकित बातोकच्या मुलांच्या रिकाम्या वेळाशी आमच्या हंगामाचा काय संबंध होता? काहीही नाही. आम्ही त्यांना बरोबर लावणीच्या दिवसांत नाटकाला उभे करत होतो.

तीन पंचांगे

बुकित म्हणजे मलय भाषेत टेकडी आणि बातुक म्हणजे खोकला. खाणीत सुरुंग उडायचे तेव्हा टेकडी खोकते असे वाटे, म्हणून हे नाव, अशी एक गमतीची व्युत्पत्ती इथे सांगतात. खाण कधीच बंद झाली. तिथे आता तळे आहे, आणि रविवारी आपली मंडळी पाहुण्यांना फोटो काढायला तिथेच नेतात. खोकला मात्र प्रयोगाच्या आठवड्यात मुलांकडे येतो, हा आमचा अनुभव.

गटातली मुले तीन प्रकारच्या शाळांतली. सरकारी शाळांचे वर्ष जानेवारीत सुरू होते : सुमारे दहा-दहा आठवड्यांची चार सत्रे, मार्च आणि सप्टेंबरात आठवडाभर सुट्टी, जूनमध्ये चार आठवडे आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून सहा आठवडे. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. आंतरराष्ट्रीय शाळांचे वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होते. हे झाले तीन. चौथे आपले चांद्र पंचांग, जे या तिघांनाही विचारत नाही.

माझ्या तीन हंगामांचे काय झाले पाहा. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि गणपती १९ सप्टेंबरवर गेले. सहावीची पीएसएलई परीक्षा सप्टेंबरच्या अखेरीस. तोंडी परीक्षा तर ऑगस्टमध्येच. सहावीची सगळी मुले जूनमध्येच आम्ही गळाली असे धरले. २०२४ मध्ये गणपती ७ सप्टेंबरला, म्हणजे नेमके आठवड्याच्या सुट्टीच्या टोकाला. निम्मी कुटुंबे भारतात. २०२५ मध्ये गणपती लवकर, म्हणून वर सांगितलेले आठ शनिवार. माझ्या संगणकातल्या वेळापत्रकाच्या प्रोग्रॅमला लीप वर्ष कळते, अधिक महिना कळत नाही. पण दोष प्रोग्रॅमचा नाही. हलती तारीख हा आमच्या हंगामाचा एकमेव खांब असावा, हे मी ठरवले होते.

त्यात एक गंमत अशी, की आम्ही एप्रिल-मे कधी वापरलाच नाही. का? तर "सहामाही असते". कोणती सहामाही? इथल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतल्या सहामाही परीक्षा टप्प्याटप्प्याने काढून २०२३ पर्यंत सगळीकडे बंद झाल्या. सरकारने आमच्या मुलांना मे महिना परत दिला होता, आणि आम्ही मात्र जुन्या भीतीने तो पेटीत ठेवून दिला. एप्रिलच्या आसपास शाळेच्या युवा महोत्सवाची धावपळ काही मुलांना असते, ती धरूनही हे दिवस ऑगस्टपेक्षा कितीतरी मोकळे आहेत.

हजेरीचे गणित

आता थोडे गणित. घाबरू नका, दोन परिच्छेदांत संपेल. समजा मूल अगदी प्रामाणिक आहे आणि दहांतल्या नऊ तालमींना येते. नाटकात बारा मुले आहेत. सगळीच्या सगळी एका तालमीला हजर असण्याची शक्यता किती? नव्वद टक्क्यांना बारा वेळा गुणा. उत्तर येते २८ टक्के. म्हणजे आठ तालमींत पूर्ण संच दोनदा, फार तर तीनदा. आमच्या वाट्याला २०२५ मध्ये एकदाच आला आणि ती रंगीत तालीम होती. मी मात्र दर शनिवारी "आज पुन्हा सगळे नाहीत" म्हणून चिडत होतो. आकडेशास्त्राच्या नियमावर चिडणे हे डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला शोभत नाही. पण चिडलो खरा, आणि तेही मुलांवर.

तेच तिघांच्या प्रवेशाचे पाहा : तिघेही हजर असण्याची शक्यता ७३ टक्के. दोघांचा प्रवेश असेल तर ८१. (प्रत्यक्षात गैरहजेरी अशी सुटी सुटी येत नाही. एका शाळेची चाचणी असली की चार मुले एकदम जातात, म्हणून वाईट शनिवार या हिशोबापेक्षाही वाईट असतो.) याचा अर्थ असा, की बारा मुले सतत रंगमंचावर असलेले नाटक आम्ही निवडले तेव्हाच निकाल लागला होता. दोघातिघांच्या प्रवेशांची माळ असलेले नाटक निवडले असते, तर तेच सोळा तास दुप्पट कामी आले असते. पुण्यात समूहदृश्ये शोभतात, कारण तिथे समूह रोज रात्री एकत्र असतो. आम्ही दृश्य उचलले, त्याखालचा समूह उचलायचा राहून गेला. संहिता चांगली की वाईट, हा प्रश्न वेळापत्रक समोर ठेवल्याशिवाय सोडवता येत नाही. आपल्या नाट्यवाचनाच्या बैठकीत हा मुद्दा कधीच येत नाही, ही माझी तक्रार आहे आणि तिचा पहिला आरोपी मी आहे.

एक बदल

इथपर्यंतचे सगळे गणितात बसते. आता जे सांगायचे ते बसत नाही.

२०२३ च्या नाटकात निवेदकाचे काम एका तेरा वर्षांच्या मुलीला दिले होते. जन्म इथला, शाळा इथली. मराठी तिला समजे, पण बोलताना वाक्य मध्येच थांबे. 'ळ'च्या जागी 'ल' येई. ती एकाही तालमीला चुकली नाही. प्रयोगाला तीन आठवडे उरले तेव्हा माझ्या तक्त्यावर सगळीकडे लाल रंग दिसू लागला. मी बदल सुचवला. नुकताच भारतातून आलेला एक मुलगा होता, वाणी स्वच्छ, पाठांतर तयार. काम त्याला दिले. आमच्या व्यवसायात फ्रेड ब्रुक्स यांचा एक नियम प्रसिद्ध आहे. त्यांनी १९७५ साली लिहून ठेवले, की उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये नवीन माणूस घातला की उशीर वाढतो. ऑफिसात मी तो दुसऱ्यांना ऐकवतो. इथे विसरलो.

मुलीला सांगितले, तेव्हा तिने इतकेच विचारले, "काका, मग मी शनिवारी यायचं का?" मी म्हटले, "अगं, यायचंच! तू प्रॉम्प्टर." ती आली. प्रयोगाच्या दिवशी विंगेत पुस्तक हातात धरून उभी होती, पण पुस्तकाकडे बघत नव्हती. बारा जणांची वाक्ये तिला पाठ होती. नवा मुलगा दोनदा अडला, दोन्ही वेळा तिच्या आवाजावर सावरला. नाटक चांगले झाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांचे आभार मानले.

पुढच्या वर्षी ती आली नाही. अभ्यास वाढला, असे तिच्या आईने सांगितले आणि ते खरेही असेल. काही महिन्यांनी तिची आजी इथे आली होती, साताऱ्याहून. लिफ्टपाशी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "नाटकात होती तेव्हा फोनवर मला वाक्यं म्हणून दाखवायची. मी 'ळ' सुधारायची. आता काय, 'हाय आजी, बाय आजी'." त्यांना काम काढून घेतल्याचे ठाऊक नव्हते. मी सांगितले नाही.

हे इथे लिहितो याचे कारण आहे. इथल्या शाळांत मातृभाषा हा विषय सक्तीचा आहे. भारतीय भाषांत तमिळ आहे, आणि हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दूची सोय आहे. मराठी त्या यादीत नाही. आपली बहुतेक मुले हिंदीचा पेपर देतात. म्हणजे मराठीला इथे तास नाही, पेपर नाही, मार्क नाहीत. आपल्या वयाच्या मुलांशी मराठी बोलण्याची आठवड्यातली एकमेव जागा म्हणजे ही शनिवारची तालीम. मग त्या मुलीचे मराठी कच्चे म्हणून तिचे काम काढणे याचा अर्थ काय झाला? पोहता येत नाही म्हणून पोहण्याच्या वर्गातून काढण्यासारखे! प्रयोग सुधारावा म्हणून मी हंगाम बिघडवला. तक्त्यावर तो बदल हिरव्या रंगात नोंदला गेला.

मग करावे काय?

मंडळी, नुसती टीका करून सुटका नाही. माझ्या पुढच्या आखणीचा आराखडा असा.

पहिले, वर्ष जानेवारीत सुरू करायचे, जूनच्या अखेरीस नव्हे. जानेवारी ते मार्च प्रयोग नाही. वाचन, खेळ, दोघातिघांचे छोटे प्रवेश. भारतीय अभ्यासक्रमाच्या मुलांची तेव्हा परीक्षा असते. ती उशिरा आली तरी कोणाचे अडणार नाही असेच काम ठेवायचे.

दुसरे, मे महिन्यात कुणाच्या तरी दिवाणखान्यात छोटा प्रयोग. माइक नाही, पडदा नाही, पंधरा-वीस प्रेक्षक. यात अडखळणाऱ्यांना मोठी कामे. चुकले तर आजी सुधारेल.

तिसरे, गणेशोत्सवात सादर करायचे ते वीस मिनिटांचे, मेमध्ये केलेल्यातलेच निवडून. सहावीच्या आणि माध्यमिकच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना तालमीतून मोकळीक. आली तर एका दिवसाचे काम, आवाजाचे किंवा पडद्याचे. प्रत्येक महत्त्वाच्या भूमिकेला दोन मुले तयार. दर पाच शनिवारांतला एक कोरा. त्याला हात लावायचा नाही. तो खोकल्यासाठी आणि चाचण्यांसाठी राखीव.

चौथे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात दुसरा प्रयोग. पीएसएलई ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते. त्यानंतर सहावीच्या मुलांइतके रिकामे प्राणी या बेटावर नसतात. ज्यांना मी जूनमध्ये गळाली असे धरत होतो, ती मुले नोव्हेंबरात गटाची कणा होऊ शकतात. आपल्या बालरंगभूमीचा दिवाळीचा हंगाम इथल्या वर्षअखेरच्या सुट्टीच्या किती जवळ येतो, हे तीन वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होते. डिसेंबरात लोक भारतात जातात, म्हणून नोव्हेंबरचे शेवटचे पंधरा दिवसच हाताशी आहेत, ते पुरेत.

यावर दोन आक्षेप आले आहेत. एक असा, की मोठी तारीख आणि थोडी चुरस नसली तर मुले मन लावत नाहीत. यात तथ्य आहे. 'पुरुषोत्तम'चे जे गुण मी वर सांगितले ते चुरशीचेच. पण ज्या देशात आपण राहतो, त्याने १९६७ पासून चालू असलेल्या आपल्या युवा महोत्सवातली सुवर्ण-रौप्य-कांस्य ही उतरंड २०१३ मध्ये काढली आणि तीन प्रकारच्या प्रशस्तिपत्रांवर भागवले. स्पर्धेसाठी प्रसिद्ध असलेल्या सिंगापूरने जिथे दम थोडा कमी केला, तिथे आपण शनिवारच्या दोन तासांत तो वाढवावा का? तारीख हवी, हे मान्य. पण एकच तारीख असली की ती मुलांना चाळते. दोन-तीन असल्या की मूल एकीत पडून दुसरीत उठू शकते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : हॉल गणपतीतच मिळतो, प्रेक्षक गणपतीतच येतात, नोव्हेंबरात मुलांचे नाटक पाहायला येणार कोण? याला माझ्याकडे पक्के उत्तर नाही. पहिल्या वर्षी तीस माणसे आली तर पुष्कळ. झाडीपट्टीतही पहिले नाटक कुणी भरल्या मंडपात केले नसेल.

जाता जाता एक. त्या मुलीच्या घरी मी गेल्या महिन्यात जाऊन आलो. जे झाले ते तिला आणि तिच्या आईला सांगितले. दोघींनी ऐकून घेतले. लहान मुलांच्या तालमी घ्यायला येशील का, असे विचारले. ती "बघते" म्हणाली. तिचे 'बघते' खरेच बघते असे असावे, नकार नसावा, अशी आशा आहे. दोन्ही असू शकते.

जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता, नेहमीच्याच जागी, मुलांना घेऊन या. निवडचाचणी नाही. मराठी किती येते हे कोणी विचारणार नाही. आणि वरच्या आराखड्यात चूक दिसली तर अवश्य कळवा. माझ्या जुन्या वेळापत्रकावर मी केली तितकी तरी टीका नव्यावर व्हायलाच हवी.